पाट्यांमधले सातारा-सांगली

जुना चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकांचे दोन वर्ग असतात. पहिला वर्ग नावे संपून कथानक कधी सुरू होते याची वाट पाहतो. दुसरा वर्ग नावे सुरू होण्यापूर्वीच आपली जागा पकडून बसतो. हा दुसरा वर्ग संख्येने लहान असला तरी त्याला मिळणारा आनंद वेगळ्या जातीचा आहे. ग्रंथिक भाषेत ज्याला श्रेयनामावली म्हणतात आणि चित्रपटगृहात जिला सरळ 'पाट्या' किंवा 'टायटल्स' म्हटले जाते, ती नीट वाचणाऱ्याला एका तिकिटात दोन गोष्टी मिळतात. एक पडद्यावरची आणि दुसरी तो पडदा उभा करणाऱ्या माणसांची. ही दुसरी गोष्ट मराठी चित्रपटांच्या बाबतीत अनेकदा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीत जाऊन पोहोचते.

पाटी कशी वाचावी?

वाचनाचा आरंभ सेन्सॉरच्या प्रमाणपत्रापासून होतो. चित्रपटाची भाषा, लांबी आणि रिळांची संख्या त्यावर नोंदलेली असते. खालच्या कोपऱ्यात त्रिकोणाची खूण असेल, तर मंडळाने चित्रपटाला कात्री लावली आहे, असे समजावे. त्यानंतर निर्मितीसंस्थेचे बोधचिन्ह येते. 'प्रभात'ची तुतारी वाजली की पुढे काय दर्जाचे पाहायला मिळणार, याची ग्वाहीच प्रेक्षकाला मिळत असे.

मग मुख्य नावे. संगणकापूर्वीच्या काळात ही अक्षरे चित्रकार हाताने रंगवीत आणि त्या फलकांचे कॅमेऱ्याने चित्रण होई. त्यामुळे अक्षरांच्या वळणावरूनही चित्रपटाचा बाज ओळखता येतो. पौराणिक चित्रपटाची अक्षरे वेगळी, तमाशापटाची वेगळी. 'कथा', 'पटकथा' आणि 'संवाद' हे तीन शब्द सामान्यतः एका दमात वाचले जातात. प्रत्यक्षात ती तीन स्वतंत्र कामे आहेत. कथा म्हणजे मूळ बीज, पटकथा म्हणजे त्या बीजाची दृश्यांत केलेली मांडणी आणि संवाद म्हणजे पात्रांच्या तोंडची भाषा. या तिन्ही पाट्यांवर आणि चौथ्या 'गीते' या पाटीवरही एकच नाव दिसले, तर ते बहुधा ग. दि. माडगूळकरांचे असते.

सहायकांच्या लहान अक्षरांतील यादीकडेही दुर्लक्ष करू नये. उद्याची मोठी नावे तिथे आणि तशाच इतर दुय्यम पाट्यांत दडलेली असतात. 'प्रभात'च्या 'हम एक हैं' (१९४६) या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शक पुढे 'प्यासा' करणारे गुरुदत्त होते.

साताऱ्याची लावणी, सांगलीचे स्वर

अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) हे या वाचनाचे उत्तम उदाहरण ठरेल. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यातील, साताऱ्याला जाताना हरवलेल्या बुगडीची लावणी आजही लोकांच्या ओठांवर आहे. साताऱ्याचे नाव घराघरांत नेणाऱ्या या लावणीच्या पाट्या पाहिल्या, तर गीते ग. दि. माडगूळकरांची, पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची आणि स्वर आशा भोसले यांचा. माडगूळकर बंधू आटपाडी परिसरातील माणदेशचे आणि आशा भोसले यांचा जन्म १९३३ मध्ये सांगलीत झालेला. साताऱ्याच्या वाटेवरचे गाणे अशा प्रकारे सांगलीकरांच्या लेखणीतून आणि गळ्यातून उतरले.

मात्र येथे एक ऐतिहासिक तपशील लक्षात घ्यावा लागतो. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे विभाजन झाले आणि 'दक्षिण सातारा' या जिल्ह्याला 'सांगली' हे नाव नोव्हेंबर १९६० मध्ये मिळाले. म्हणजे 'सांगत्ये ऐका' पडद्यावर आला तेव्हा आटपाडी आणि सांगली शहरही कागदोपत्री सातारा हेच नाव मिरवत होते.

आटपाडीहून बर्लिनला

पाटी वाचल्याने चित्रपटाचा अर्थच बदलून जातो, याचा नमुना म्हणजे व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). सहा खुन्यांना बेड्यांविना माळरानावर नेऊन शेतीच्या बळावर माणसांत आणणाऱ्या जेलरची ही कथा. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाचा पुरस्कार लाभला आणि देशात राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. हिंदी प्रेक्षकांना त्यातील भरत व्यास यांची प्रार्थना आणि वसंत देसाई यांचे संगीत आठवते. लेखकाची पाटी मात्र सहसा नजरेतून सुटते. तिथे नाव आहे ग. दि. माडगूळकर यांचे.

या नावावर थांबणाऱ्याला कथेचे मूळ गाव सापडते. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध हे तेव्हा संस्थान होते आणि आटपाडी त्याच संस्थानात मोडत असे. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना उचलून धरली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही खुली कारागृह वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात, असा तो प्रयोग होता. शेटफळ्यात जन्मलेले आणि औंधला शिकलेले गदिमा याच मुलखात वाढले. त्यामुळे बर्लिनच्या परीक्षकांना कवीची कल्पना वाटू शकेल अशी गोष्ट माणदेशात प्रत्यक्ष घडलेली होती. लेखकाची पाटी वगळून चित्रपट पाहणाऱ्याला हा धागा हाती लागत नाही.

शीर्षकामागचा लेखक

वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या चित्रपटांबाबतही हाच अनुभव येतो. 'फकिरा' (१९६३) आणि 'वारणेचा वाघ' (१९७०) यांची नावे कादंबऱ्यांचीच असल्याने लेखक ओळखणे सोपे जाते. परंतु 'डोंगरची मैना' (१९६९) म्हणजे 'माकडीचा माळ' आणि 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' (१९७४) म्हणजे 'अलगूज', हे केवळ शीर्षकावरून कोणाला कळावे? अण्णा भाऊंचे जुलै १९६९ मध्ये निधन झाले. शाळेचे शिक्षण जवळपास न मिळालेल्या या लेखकाचे नाव त्यानंतरही पडद्यावर येत राहिले.

'पिंजरा' (१९७२) पाहताना व्ही. शांताराम आणि संध्या यांच्यापुरतेच न थांबता पुढे वाचले, तर संगीतकार म्हणून मिरजेचे राम कदम भेटतात. मास्टर विनायकांच्या 'छाया'चे (१९३६) लेखक वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचेच. ही यादी आणखी वाढविता येईल.

लपलेली नावे

पाट्या नेहमीच सारे सांगतात असे नाही. भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३) आणि 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटांना संगीतकार म्हणून 'आनंदघन' हे नाव आहे. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे सर्वांसमोर आले. दीनानाथांच्या सांगलीतील बिऱ्हाडी बालपण गेलेल्या लताबाईंना नावाचा हा खेळ नवा नव्हता. 'महल' (१९४९) मधील त्यांच्या गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर सुरुवातीला गायिकेऐवजी 'कामिनी' हे पात्राचेच नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे चौकशी सुरू केल्यावर खरे नाव पुढे आले. पहिल्या प्रसंगी नाव स्वेच्छेने झाकले गेले, तर दुसऱ्या प्रसंगी ते देण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती. हा फरक मोठा आहे.

'संत तुकाराम' (१९३६) मधील बीज आणि वृक्षाचा दृष्टांत देणारी रचना कित्येकांना आजही तुकोबांचा अभंग वाटते. ती लिहिली शांताराम आठवले यांनी. गीतकाराची पाटी न वाचल्याने एका कवीचे श्रेय तीन शतके मागे ढकलले गेले, असेच म्हणावे लागेल.

ज्यांची पाटीच पडली नाही, त्यांची संख्या तर याहून मोठी आहे. वाद्यवृंदातील वादक, ढोलकीवाले, समूहात उभे राहिलेले गावकरी यांची नावे जुन्या चित्रपटांत क्वचितच आढळतात.

आधी कापली जातात ती नावेच

लेखनाचे हक्क विकले तरी आपले कर्तृत्व सांगण्याचा लेखकाचा अधिकार अबाधित राहतो, असे १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. व्यवहारात मात्र दूरचित्रवाणीवर वेळ वाचवायचा झाला की पहिली कात्री नावांवर चालते. नव्या माध्यमांनी तर प्रेक्षकाच्या हाती नावे ओलांडून जाण्याचे बटणच दिले आहे. गाणी सुटी करून ऐकविली जातात तेव्हा गायकाचे नाव उरते. गीतकार आणि संगीतकार गळून पडतात.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीत 'प्रभात'सह अनेक जुन्या चित्रपटांची रिळे जळाली. अशा वेळी कोणी काय काम केले, हे सांगायला चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका आणि उरलेल्या प्रतींवरील पाट्या एवढाच पुरावा असतो. एखाद्या ध्वनिमुद्रकाच्या वा रंगभूषाकाराच्या आयुष्यभराच्या कामाची सार्वजनिक नोंद बहुधा तेवढीच असते.

जुन्या चित्रपटाच्या पाट्या संपायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढा वेळ देणाऱ्याला शेटफळे, वाटेगाव, मिरज ही गावे पडद्यामागे उभी असलेली दिसतात. पुढच्या वेळी 'सांगत्ये ऐका' लावला, तर पहिली पाटी चुकवू नये.