दुपारची स्वस्त वीज आणि पहाटेची आंघोळ
घरची वीज, घरचा हिशेब : भाग 6

मागच्या आठवड्यात फ्रिज पाहिला, आता गीझर. भोर शहरात गेल्या काही वर्षांत वन-आरके, वन-बीएचकेच्या इमारती वाढल्या तसा अंगणातला बंब गेला आणि बाथरूममध्ये माळ्याखाली गीझर आला. वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, जळणावर पाणी तापवणारी घरे अजून पुष्कळ आहेत. फ्लॅटमध्ये मात्र चूल नाही, आणि गच्चीही एकट्याची नाही. जो काही खर्च व्हायचा तो मीटरवरच होतो.

किती होतो? एक युनिट वीज साधारण 43 लिटर पाणी 20 अंशांनी तापवते. थंडीत नळाचे पाणी 20 अंशांचे आणि आंघोळीचे 40 अंशांचे धरले, तर 18 लिटरच्या एका बादलीला 0.42 युनिट लागते. घरात चार माणसे असतील तर दिवसाला पावणेदोन युनिट, म्हणजे महिन्याला 50. महावितरणच्या बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो, त्यातली निम्मी युनिटे चार बादल्यांनीच खाल्ली. मग पंखा, फ्रिज, टीव्ही यांची वीज 101 ते 300 च्या टप्प्यात जाते आणि तिथला दर जवळपास दुप्पट आहे. वहन आकार धरून 2025-26 मध्ये पहिल्या टप्प्यात युनिट साधारण सहा रुपयांना पडते, तर दुसऱ्या टप्प्यात अकराला. वीज शुल्क वेगळे.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इकडे विजेलाही लावतात. भाटघर धरणाच्या पायथ्याशी 16 मेगावॉटचे वीजगृह असताना आम्हाला वीज महाग का, असे लोक विचारतात. पण ती वीज भोरसाठी वेगळी काढून ठेवलेली नसते. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि घरगुती दर भोरला, बारामतीला, नागपूरला सारखाच असतो. त्यामुळे ग्राहकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात : किती वीज वापरायची आणि कधी.

‘कधी’ला अलीकडेच महत्त्व आले. ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार नोंद करणारा स्मार्ट मीटर आहे, त्यांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत सुरू झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत जायची आहे. इंग्लंडमध्ये 1978 पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची योजना आहे. तीत रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते आणि लोक मोठ्या टाकीत पाणी तापवून दिवसभर वापरतात. तिथे रात्र स्वस्त झाली, कारण औष्णिक आणि अणुवीज केंद्रे रात्री मागणी घटली म्हणून चटकन बंद करता येत नाहीत. आपल्याकडे सौर वीज वाढली, ती दुपारी भरपूर आणि सूर्य मावळला की शून्य. म्हणून आपला स्वस्त काळ दिवसाउजेडी येतो. गावाकडचा ‘रात्रीची लाइट स्वस्त’ हा समज या सवलतीच्या बाबतीत उलटा आहे.

मग सरळ उपाय सुचतो : दुपारी चारला गीझर लावावा, गरम पाणी टाकीत ठेवावे आणि पहाटे सहाला आंघोळ करावी. हिशेब घालून पाहू. 25 लिटरची टाकी 20 वरून 60 अंशांवर न्यायला 1.16 युनिट लागते. सवलत मिळाली 93 पैसे. आता टाकीतून उष्णता निसटते ती पाहा. चोवीस तासांत 0.7 युनिट गमावणारा मध्यम प्रतीचा गीझर घेतला, तर चौदा तासांत साधारण 0.4 युनिट हवेत गेले. सहाच्या दराने ते दोन रुपये चाळीस पैसे होतात, अकराच्या दराने चार रुपये चाळीस पैसे. 93 पैशांसाठी हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. शिवाय पहाटे टाकीत 60 ऐवजी 46-47 अंशांचे पाणी उरते. त्यात थंड पाणी कमी मिसळता येते, म्हणजे बादल्याही घटतात.

टाकी उत्तम असेल तर तोटा कमी होतो, फायदा मात्र क्वचितच निघतो. पावसाळ्यात पहाटे लाइट जाण्याची खात्रीच असेल, तर तापवून ठेवलेल्या पाण्याची सोय मोलाची आहे. पण ती सोय आहे, बचत नव्हे.

सवलत खरी कामी येते ती तापवलेले पाणी लगेच वापरल्यावर. घरातली ज्येष्ठ मंडळी, शिरवळच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारे, सुट्टीतली मुले यांनी आंघोळ नऊनंतर केली, तर दोन बादल्यांमागे महिन्याला वीस रुपये वाचतात. धुण्याला गरम पाणी हवे असेल तर तेही दुपारीच. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

मोठी रक्कम दुसरीकडे आहे. कित्येक घरांत गीझरचे बटण दिवसरात्र चालूच असते. पाणी थोडे निवले की थर्मोस्टॅट टक् करतो, लाल दिवा लागतो, आणि कुणी न वापरलेले पाणी पुन्हा तापते. वरच्याच गीझरचे असे महिन्याला 21 युनिट जातात, दुसऱ्या टप्प्यात दोनशे तीसएक रुपये. टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा. तो कोमट लागला, तर आतले आवरण निकामी होत आले आहे आणि गळती याहूनही जास्त आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी बटण चालू करा आणि पहिली बादली भरण्यापूर्वी बंद करा. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका. नवा गीझर घेताना लिटर वाढवू नका, लेबलवरचे तारे वाढवा. हे जमल्यावर मग नऊ ते पाचचा विचार करा, तोही आपला मीटर टीओडी आहे का आणि बिलात त्या सवलतीची ओळ दिसते का, हे पाहून. घड्याळ पैसे वाचवते, पण बटण त्याच्या दसपट वाचवते.

पुढच्या भागात : सोसायटीची गच्ची सामाईक असताना सौर बंब बसवायचा कसा आणि त्याचा खर्च वाटायचा कसा.