बुडालेल्या गावावर लिहायचं तर
उजनीकाठच्या लिहिणाऱ्यांना साधनं कोणती, ते आज आपण पाहू. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि करमाळा तालुक्यातली कितीतरी जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. ती कागदावर सापडतात: १८८४चं सोलापूर गॅझेटिअर, भूमी अभिलेखचा गावनकाशा. शब्द अडला, तर मोल्सवर्थचा १८५७चा कोश आहे.

पण कुठल्या शेताला काय म्हणत, हे कागद सांगतीलच असं नाही. ते सांगणारी माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, पाणी खूप उतरून कुगावचा वाडा उघडा पडला की आजोबांना तिथं न्या, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. ते ‘गाळपेर’ म्हणाले तर ‘गाळपेर’च लिहा, शब्द सुधारू नका. वाडा पुन्हा दिसेल, तेव्हा सांगणारा असेलच असं नाही.