कंबरेखालचें दुखणें आणि त्रिकसंधि

पाथर्डी तालुक्यांतील तिसगांवच्या आसपासचीं अनेक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. वांकून ऊस छाटणें, मोळी बांधणें, ती डोक्यावर घेऊन गाडींत चढविणें हें काम कित्येक महिने चालतें. घरच्या शेतींतही पोतें उचलणें आणि ट्रॅक्टरवर वळून मागें पाहणें कोणास चुकत नाहीं. मग कंबर धरली कीं ‘मणका सरकला’ असा निवाडा पारावरच होतो. हा निवाडा पुष्कळदां घाईचा असतो.

कण्याच्या तळाशीं त्रिकास्थि नांवाचें त्रिकोणी हाड आहे. त्याच्या दोहों बाजूंस कटीचीं रुंद हाडें जेथें मिळतात, ते त्रिकसंधि होत. त्यांची हालचाल अवघी दोनचार अंशांची. परंतु साटीचा भार आंसावर यावा तसा धडाचा भार यांतूनच पायांकडे उतरतो. बोस्टन येथील गोल्डथ्वेट व ऑसगुड यांनीं १९०५ सालीं या सांध्याकडे लक्ष वेधिलें होतें. पुढें १९३४ सालीं मणक्यांमधील गादी सरकून नस दाबली जाते हें मिक्स्टर व बार यांनीं दाखविलें, आणि सांधा मागें पडला. आतां जुनाट कंबरदुखीच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें १५ ते ३० जणांचें मूळ येथें असावें असें मानितात.

असा रोगी दुखरी जागा एका बोटानें दाखवितो; ती कंबरपट्ट्याखालीं, कुल्ल्यावरील खळीजवळ, बहुधा एकाच बाजूस असते. उठतांना, पायरी चढतांना, कूस बदलतांना कळ येते. वैद्य सांध्यावर निरनिराळ्या रीतीनें दाब देऊन परीक्षा करितात. निश्चितीसाठीं सांध्यांत बधिरतेची सुई देतात. निरोगी माणसांच्या चित्रांतही गादी फुगलेली पुष्कळदां दिसते. म्हणून केवळ चित्र पाहून शस्त्रक्रियेस होकार देऊं नये.

उसण भरल्यास पायाळूचा पाय लावून घेण्याची चाल आपणांकडे आहे. साधी उसण बहुधा आपोआपच उतरते, आणि श्रेय पायाळूस मिळतें!

गरोदरपणीं या सांध्याचे बंध सैल होतात. बाळंतिणीस लौकरच मोळी उचलावयास लावणें हा आमच्या मतें घरच्या कर्त्याचा दोष होय. तरुणाची कंबर पहांटे अर्ध्या तासाहून अधिक आंखडून कामानें मोकळी होत असेल, तर तो सांध्यांच्या दाहाचा निराळा रोग असूं शकतो. ताप येऊन वजन घटत असल्यास क्षयाची तपासणी करावी. लघवीवरील ताबा सुटल्यास किंवा जांघेकडील भाग बधिर झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

इतरांनीं महिनाभर अंथरूण धरूं नये. झेपेल तितकें चालावें, व्यायाम जाणत्याकडून शिकून घ्यावा, आणि ओझें अंगालगत धरून, धड न पिळतां, पाउलें टाकून वळावें.