शाळेचा संगणक बिघडला : दुरुस्ती करायची की नवीन विंडोज टाकायची?



शाळेतला संगणक अडकला की दुकानातून बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "सर, फॉरमॅट मारावं लागेल." आपणही मान डोलावतो. संध्याकाळी संगणक चकाचक होऊन परत येतो. पण पाच वर्षांचे निकालपत्रक, शिष्यवृत्तीच्या याद्या, स्नेहसंमेलनाचे फोटो सगळे गेलेले असते. म्हणून फॉरमॅटला होकार देण्याआधी काय बघायचे, ते आज समजून घेऊ.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?

मुलांना सांगताना मी म्हणते, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापक बाई. कोणता वर्ग कुठे बसेल, फळा कोणाला मिळेल, घंटा कधी होईल, हे त्या ठरवतात. संगणकात मेमरी, डिस्क, प्रिंटर, कीबोर्ड यांचा कारभार विंडोज किंवा लिनक्स बघते. बाई रजेवर असल्या तरी इमारत जागेवरच असते. आणि छत गळत असेल तर बाई बदलून गळती थांबत नाही! संगणकाचेही तसेच आहे. बिघाड यंत्रात आहे की प्रणालीत, हे आधी ओळखायचे.

खोडवा ठेवायचा की नवी लागण करायची?

आपले पुरुषोत्तमनगर साखर कारखान्याचे गाव. शहादा तालुक्यातल्या ऊस लावणाऱ्या घरात हा प्रश्न नेहमीचा आहे. ऊस तुटून गेल्यावर खोडवा ठेवला तर बेण्याचा, नांगरटीचा खर्च वाचतो. पण फडात नांगे फार पडले असतील, काणी किंवा गवताळ वाढ आली असेल, तर शहाणा शेतकरी खोडवा मोडतो. आणि जमीनच चोपण असेल तर नवीन बेणे लावूनही उपयोग नाही. दुरुस्ती म्हणजे खोडवा, नवीन प्रणाली म्हणजे नवी लागण आणि जमीन म्हणजे यंत्र. निर्णय याच क्रमाने घ्या : आधी जमीन बघा, मग फड, मग बेणे.

पायरी १ : आधी डेटा वाचवा

संगणक सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या असे नाही. विंडोज उघडत नसली तरी डिस्कवरचे लिखाण बहुधा शाबूत असते. दोन मार्ग आहेत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची, किंवा उबंटू अथवा लिनक्स मिंट असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा. हे लिनक्स काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालते आणि फाइली कॉपी करू देते.

डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. फॉरमॅटमध्ये पहिला बळी त्यांचाच जातो. "माझं सगळं डेस्कटॉपवर आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट खास मराठी शाळांची. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की तीच प्रश्नपत्रिका इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स फोल्डरची प्रतही घ्या. पुढचे नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा, म्हणजे ही अडचण उरणार नाही.

पायरी २ : यंत्र तपासा

प्रणालीच्या नावावर खपणारे बरेच बिघाड यंत्राचे असतात.

• घड्याळ रोज मागे जाते, वेबसाइट उघडताना सुरक्षिततेचा इशारा येतो : मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणसेल संपला असावा. संगणकाची तारीख चुकली की वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याला अवैध वाटते, म्हणून सरकारी पोर्टलही उघडत नाही. फॉरमॅट मारून हा दोष जाणार नाही, सेल बदलून जाईल.
• चालू करताच बीप-बीप आवाज येतो, पडदा काळाच राहतो : रॅम सैल झाली असेल किंवा धूळ बसली असेल. वीज पूर्ण बंद करून रॅम काढा, पुसा, नीट बसवा.
• डिस्कमधून टक-टक आवाज येतो, फाइल उघडायला फार वेळ लागतो : हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. अशा डिस्कवर कोणतीही दुरुस्ती चालवू नका. डेटा काढा आणि डिस्क बदला.
• थोडा वेळ चालून आपोआप बंद पडतो : पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल.

पायरी ३ : प्रणालीची दुरुस्ती करून बघा

यंत्र ठीक असेल तर आता फड बघा. वीज अचानक गेली आणि त्याच वेळी विंडोज काही लिहीत असेल, तर फाइल अर्धवट राहते. आपल्याकडच्या बिघाडांचे हे मोठे कारण आहे. बरा यूपीएस हा त्यावरचा खरा उपाय. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा, सौम्य औषध आधी :

१. सेफ मोडमध्ये सुरू करा. विंडोज ७ मध्ये सुरू होतानाच एफ ८ दाबा. विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये नीट चालले तर दोष बहुधा नव्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रॅमचा आहे.
२. सिस्टिम रिस्टोअर वापरून आधीच्या चांगल्या तारखेला जा. यात आपल्या फाइली पुसल्या जात नाहीत.
३. सुरूच होत नसेल तर स्टार्टअप रिपेअर चालवा.
४. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा द्या. ती विंडोजच्या मोडलेल्या फाइली शोधून बदलते.
५. विंडोज १० असेल तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' निवडा. फाइली राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात.

इतके करूनही भागले नाही तरच फॉरमॅट.

पायरी ४ : प्रणालीचे वय बघा

दुरुस्त झालेली प्रणालीसुद्धा वापरण्याजोगी आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. गूगल क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ साठी शेवटची, त्यानंतरच्या आवृत्त्या तिच्यावर चालत नाहीत. म्हणजे संगणक ठणठणीत असला तरी पोर्टल एकेक करून रुसणार. विंडोज १० ची नियमित मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत.

मग सरळ विंडोज ११ टाकावी का? तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ६४ बिटचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. शाळांना दहा-बारा वर्षांपूर्वी मिळालेले संगणक यात बसत नाहीत. पळवाटा सांगणारे भेटतील, पण ज्या संगणकावर मुलांची माहिती आहे तिथे पळवाट नको. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन आपला संगणक बसतो की नाही ते सांगते.

आणि एक गैरसमज दूर करू. "बिघडलेय ना, मग वरूनच अपग्रेड मारू" असे म्हणतात. फाइली-प्रोग्रॅम जागेवर ठेवणारे अपग्रेड चालू विंडोजच्या आतून सुरू करावे लागते. विंडोज उघडतच नसेल तर ते होणार नाही. म्हणजे आधी दुरुस्ती, मग अपग्रेड. नाहीतर कोरी पाटी.

जुन्या संगणकाचे काय?

विंडोज ११ पेलत नाही म्हणून संगणक भंगारात द्यायची गरज नाही. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आणि थोडी रॅम वाढवली तर जुने यंत्रही पळू लागते. त्यावर लिनक्स टाका. ते मोफत आहे, परवान्याची भानगड नाही. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून लिनक्सवर शिकवत आहेत. आपल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा : प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होते का, पोर्टल उघडते का. जमले तरच इन्स्टॉल करा.

थोडक्यात निर्णय

• यंत्रात दोष : सुटा भाग बदला, प्रणालीला हात लावू नका.
• यंत्र चांगले, प्रणालीला अपडेट मिळतात : दुरुस्ती करा.
• यंत्र चांगले, प्रणाली मुदतबाह्य, विंडोज ११ पेलते : डेटा काढून अपग्रेड करा.
• यंत्र चांगले पण जुने : लिनक्स टाका. विंडोज ७ ठेवायचीच असेल तर इंटरनेट तोडून फक्त मुलांच्या टायपिंगसाठी, चित्रांसाठी ठेवा.
• मदरबोर्ड गेला : डिस्क काढून ठेवा, मगच निर्लेखनाचा प्रस्ताव करा.

पालकहो, हीच यादी घरच्या संगणकालाही लागू आहे. शाळेचे बरेच संगणक लोकवर्गणीतून आलेले असतात. त्यात कुणाच्या उसाच्या बिलातले पैसे असतात, तर कुणाच्या मजुरीतले. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याच्यासाठी आठवड्याचा तो एक तासच संगणक असतो. म्हणून दुकानात जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या : दोष यंत्रात आहे की प्रणालीत? आमचा डेटा काढला का? फॉरमॅटशिवाय काय काय करून बघितले? या प्रश्नांची नीट उत्तरे देणारा दुरुस्तीवाला भेटला, तर त्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर लावून ठेवा!