फायबरच्या मुठीत पाते बसवताना : राउटरचा उपयोग

सुऱ्या-चाकू घडवणाऱ्या आपल्या शिकलगार आणि लोहार बांधवांना लाकडी मुठीची जुनी रीत पाठ आहे. पात्याचे शेपूट लाल करायचे आणि मुठीच्या भोकात ठोकायचे. लाकूड जळून शेपटाला जागा देते. परंतु लाकूड रक्त-पाणी पिते, फुगते, वाळले की तडकते. म्हणून मांसविक्रेते व हॉटेलवाले फायबरची मूठ मागतात. तेथे जुनी रीत चालत नाही. लाल शेपटाने फायबरमधील राळ करपते, थर सुटतात आणि निघणारा धूर छातीला घातक असतो.

फायबर म्हणजे दोन प्रकारचा माल. सुती कापडाचे थर फेनॉलिक राळेत दाबलेली तपकिरी शीट बाजारात ‘हायलम’ म्हणून ओळखली जाते. दुसरी काचेच्या कापडाची, इपॉक्सीत बसवलेली. तिला जी-१० म्हणतात. ती अधिक मजबूत, पण हत्यार लवकर खाते. दोन्हींत लांब ड्रिल सरळ जात नाही, म्हणून मूठ अखंड न घेता दोन फाकांत घ्यावी आणि प्रत्येक फाकेत राउटरने अर्धी खाच पाडावी, असे आम्ही सुचवतो. सहा मिलिमीटर कॉलेटचा लहान राउटर, म्हणजे ट्रिमर, यास पुरतो. बिट मात्र कार्बाइडचेच हवे. साध्या हायस्पीडची धार काचेपुढे टिकत नाही.

खरी अडचण असते ती दोन्ही खाचा समोरासमोर येण्याची. त्यासाठी फाका एकत्र आवळून, खाचेच्या बाहेर, दोन्ही टोकांना ३ मिमीची दोन आरपार भोके पाडावीत. पातळ प्लायचा फर्मा करून त्यालाही तीच भोके पाडावीत आणि पिना घालून तो पहिल्या फाकेवर बसवावा. दुसऱ्या फाकेसाठी फर्मा तोच, फक्त उलटा. राउटरला १० मिमीची कॉलर आणि ६ मिमीचे बिट असेल तर फर्म्याचे तोंड खाचेपेक्षा प्रत्येक बाजूस २ मिमी मोठे ठेवावे. फाक अरुंद असते, त्यामुळे राउटर डगमगतो. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीचे तुकडे लावून घ्यावेत.

शेपूट ३ मिमी जाड असल्यास प्रत्येक फाकेत दीड मिमी आणि चिकटाईपुरते केसभर जास्त, एवढीच खोली लागते. तीही दोन फेऱ्यांत काढावी. राउटर खाचेच्या आत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा. उलट फिरवल्यास बिट झटका देऊन हातातून पळते. बिट गोल असल्याने खाचेचे कोपरे गोल राहतात. ते छिन्नीने चौकोनी करीत बसू नये, शेपटाचे कोपरेच कानसीने गोल करावेत. मुठीचे तोंड घट्ट बसले पाहिजे. मागे थोडी मोकळीक चालते, ती चिकट भरून काढतो.

आता धुळीबद्दल. राउटर मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि काचेचे, राळेचे बारीक कण हवेत उडवतो. ते लगेच जाणवत नाहीत, म्हणून कारागीर बेफिकीर राहतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे एफएफपी २ दर्जाचा मास्क, बंद चष्मा, पूर्ण बाह्या आणि राउटरजवळ व्हॅक्यूमचे तोंड, एवढे हवेच. धूळ बसावी म्हणून विजेच्या राउटरवर पाणी मारणे म्हणजे शॉक ओढवून घेणे. कारखाना घरातच असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांचा असतो, तर हे काम मुलांच्या वावराच्या जागेत मुळीच करू नये. त्या दिवशीचे कपडेही वेगळे धुवावेत.

जोडण्यापूर्वी खाच आणि शेपूट ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून ॲसिटोनने पुसावे. शेपटाला दोन-तीन भोके असली की इपॉक्सी आरपार जाऊन पकड धरते. शिवाय एक आरपार रिव्हेट हवीच. फाका जोडताना पिना पुन्हा त्याच भोकांत घालाव्यात, म्हणजे आवळताना त्या सरकत नाहीत. पाते दगडावर धरायचे ते इपॉक्सी पूर्ण वाळल्यावर, आणि तेही पाण्यात बुडवत बुडवत. साधे इपॉक्सी पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी नरम होते, आणि बकरी ईदच्या गर्दीत घाईने धार लावलेली सुरी गिऱ्हाइकाच्या हातात मुठीतून हलू लागते.