ओटीपोटाचे जुनाट दुखणे आणि मज्जातंतूंच्या मुळांवरील गाठी

मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही रुग्णालये १९२६ सालापासून रुग्णसेवा करीत आहेत. लालबाग, दादर, गिरगाव या वस्त्यांप्रमाणेच राज्याच्या दूरच्या जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. त्यांत ओटीपोटाच्या दुखण्याने त्रस्त झालेल्या स्त्रियाही असतात. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या दुखण्याचे मूळ गर्भाशय, बीजकोश, मूत्राशय वा आतडे यांत असू शकते. क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. मात्र क्वचित हे मूळ पाठीच्या कण्याच्या तळाशी आढळते.

कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर, त्रिकास्थी नावाचे हाड असते. त्यातून निघणारे मज्जातंतू ओटीपोट, मूत्राशय, गुदद्वार व जननेंद्रिय यांना संवेदना पुरवितात. या मज्जातंतूंच्या मुळांवरील आवरणात मेरुद्रव साचून गाठ तयार होते. अमेरिकन शल्यविशारद आयझॅडोर टार्लोव्ह यांनी १९३८ साली तिचे वर्णन केल्यामुळे तिला ‘टार्लोव्ह सिस्ट’ म्हणतात. ती स्त्रियांमध्ये अधिक आढळते.

अशी गाठ असलेल्या बहुतेक व्यक्तींना कोणताही त्रास होत नाही. म्हणून चित्रणात गाठ दिसली एवढ्यावरून निदान पूर्ण होत नाही. बसल्यावर, उभे राहिल्यावर वा खोकल्यावर दुखणे वाढते काय, आडवे झाल्यावर कमी होते काय, बैठकीच्या भागात बधिरता वा जळजळ आहे काय, लघवी-शौचाच्या तक्रारी आहेत काय, हे विचारावे लागते. दुखण्याची जागा आणि गाठ असलेल्या मज्जातंतूचे क्षेत्र जुळले, तसेच अन्य कारणे तपासून बाजूस सारली, तरच गाठीवर दोष ठेवता येतो.

निदानात दोन अडचणी संभवतात. सोनोग्राफीत ही गाठ बीजकोशाची असल्याचा भास होऊ शकतो. कमरेच्या एमआरआय चित्रणात त्रिकास्थीचा खालचा भाग अनेकदा सुटून जातो, म्हणून तो भाग समाविष्ट करण्याची सूचना चिठ्ठीवर असणे इष्ट होय. गरज भासल्यास संबंधित मज्जामुळाजवळ बधिरतेचे इंजेक्शन देऊन दुखणे तात्पुरते थांबते काय, हेही पाहतात.

उपचारांचा आरंभ औषधे व व्यायाम यांनी होतो. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठीच असते, कारण तिच्यात मज्जातंतूला इजा होण्याचा व द्रव पाझरण्याचा धोका असतो. मात्र लघवी अकस्मात अडणे, बैठकीचा भाग बधिर होणे वा पायांतील शक्ती जाणे अशी लक्षणे दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

तपासणी निर्दोष आली म्हणजे स्त्रीचे दुखणे काल्पनिक ठरत नाही, आणि कारण निश्चित होण्यापूर्वी गर्भाशय काढण्याची घाईही उचित नव्हे. पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी अशा स्त्रियांना पूर्वीचे सर्व अहवाल घेऊन जिल्हा रुग्णालयात जाण्यास सांगावे. कोणत्या स्थितीत दुखणे वाढते याची नोंद सोबत असल्यास डॉक्टरांचे काम सुकर होते.