प्रत वेळीच करावी

काही वर्षांपूर्वी मी आसपासच्या खेड्यांत हिंडून वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ते सारे ध्वनिमुद्रण माझ्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये होते. त्याची दुसरी प्रत करावी, असे अनेकदा मनात येई. परंतु ‘उद्या करू’ म्हणता म्हणता वर्ष लोटले. पुढे संगणक मंदावला आणि आतून टिकटिक ऐकू येऊ लागली. तिकडेही मी दुर्लक्ष केले. एके सकाळी डिस्क सुरूच होईना. ओव्या गाणाऱ्यांपैकी दोघी तोवर निवर्तल्या होत्या.

मुलांनो, असे का होते, ते समजून घेऊ. हार्ड डिस्कमध्ये धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. अक्षरे, चित्रे, ध्वनी हे सर्व त्या थरावर चुंबकीय खुणांच्या रूपाने नोंदले जाते. सामान्यतः या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. नोंद वाचणारे हेड त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो! धक्क्याने किंवा झिजेमुळे हे हेड तबकडीला घासले, तर थर खरवडला जातो. मग तेथील नोंद कोणासही परत आणता येत नाही. नव्या संगणकांतील एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. तथापि तीही बिघडते, आणि तेव्हा टिकटिकीची सूचनादेखील मिळत नाही.

धारिका उघडण्यास विलंब लागणे, संगणक वारंवार अडणे, चमत्कारिक आवाज येणे, ही बिघाडाची लक्षणे होत. ती दिसताच इतर कामे थांबवून सर्वांत मोलाच्या गोष्टींची प्रत प्रथम करावी. टिकटिक होत असेल, तर संगणक बंद करून जाणकाराकडे न्यावा. डिस्क स्वतः उघडू नये; धुळीचा एक कणही तिला घातक ठरतो.

परंतु खरा उपाय बिघाडापूर्वीचाच आहे. मोलाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. एकाच कपाटातील दोन प्रती एकाच आगीत जळतात. शिवाय प्रत मधूनमधून उघडून पाहावी. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा कसा धरावा?

हा धडा आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. शके १२१२ मध्ये रचलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ आपल्या हाती आहे, कारण पिढ्यानपिढ्या लोक त्याच्या नकला करीत आले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. नकल करणे आणि ती तपासणे, ही दोन्ही कामे त्यांनी महत्त्वाची मानली.

माझ्या ओव्यांपैकी अकरा ओव्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीला ऐकवण्यासाठी पेनड्राइव्हवर नेल्या होत्या. तेवढ्याच आज शिल्लक आहेत.